नदीकाठचा संसार

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत प्रत्येकीने काहीतरी लिहावे, असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. पाककृती, भरतकाम, मुलांचे संगोपन हे विषय इतर भगिनींनी आधीच घेतले होते. मी म्हटले, “मी नदीवर लिहिते.” त्या म्हणाल्या, “कृष्णामाईवर का? लिहा की!” मी म्हटले, “तिच्यावर, आणि परदेशातल्या तिच्या बहिणींवरसुद्धा.” माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु धाकटीचा इतिहासाचा अभ्यास घेता घेता मला या विषयाची गोडी लागली आणि गेली काही वर्षे मी वाचनालयातून पुस्तके आणून वाचते आहे. त्यातून जे समजले ते माझ्या भाषेत सांगते. लिहिण्यात काही न्यून राहिले असेल तर भगिनींनी ते पदरात घ्यावे.

ही गोडी मुळात लागली ती एका नुकसानीमुळे. ती हकीकत आधी सांगितलेली बरी.

२००५ साली कृष्णेला मोठा पूर आला, तेव्हा मी या घरात नवी सून होते. आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले आणि आमच्या माजघरात शिरले. पूर ओसरल्यावर सासूबाईंनी पहिली गोष्ट केली ती ही, की भिंतीवर पाण्याचा जो ओला डाग होता त्यावर गेरूने एक रेघ ओढली आणि शेजारी ‘५३’ असा आकडा घातला. पुढे नणंदेच्या लग्नात घराला रंग दिला. रंगाऱ्याने विचारले, “वहिनी, ही रेघ ठेवायची का?” मी म्हटले, “पुसून टाका. लग्नाच्या घरात पुराची आठवण कशाला?”

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पाणी चढू लागले. २००५ साली पाणी कुठवर आले होते, यावर घरात वाद सुरू झाला. मी म्हणे घोट्यापर्यंत, हे म्हणत गुडघ्याच्या वर. शेवटी वर्षाचा गहू, शाळू, नुकतीच कुटून आणलेली चटणी हे सारे कमरेइतक्या उंच फळीवर ठेवून आम्ही दिराच्या घरी गेलो. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आठ दिवसांनी परत आलो तर फळीच्याही वर हातभर चिखलाची खूण होती आणि गव्हाला मोड येऊन घरभर आंबूस वास सुटला होता. सासूबाई दारातच बसल्या. मला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “अगं, रेघ होती ना तिथं?”

रेघ असती तर साधी बेरीज होती. त्रेपन्नाला पाणी इथे, तर सत्तावन्नाला आणखी चार फूट वर. दुसरीतले पोरही हा हिशेब करील. पण ज्या आकड्यावर हिशेब करायचा तोच मी रंगाखाली घालवला होता. नंतर धाकटीच्या पुस्तकात मिसर देशातल्या नाईल नदीचा धडा आला आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आले की, सासूबाईंनी जे गेरूने केले तेच त्या लोकांनी हजारो वर्षे दगडावर केले होते.

मिसर म्हणजे हल्लीचा इजिप्त. हा देश जवळजवळ सारा वाळवंट. पाऊस नाहीच म्हटले तरी चालेल. त्या वाळवंटातून दक्षिणेकडून उत्तरेकडे नाईल वाहते. तिची लांबी सुमारे ६,६५० किलोमीटर, म्हणजे आपल्या कृष्णेच्या जवळजवळ पाचपट. तिचा एक प्रवाह व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूने येतो व दुसरा इथिओपियाच्या डोंगरांतून. दोन्ही सुदान देशातील खार्टूम शहरापाशी मिळतात. इथिओपियात पावसाळा लागला की तिकडची काळी माती घेऊन पाणी खाली येई. मिसरमध्ये पावसाचा थेंब नसताना, भर उन्हाळ्यात नदी फुगू लागे. सप्टेंबरात ती दोन्ही काठांवर पसरे आणि पाणी ओसरले की शेतावर गाळाचा थर राही. त्या ओल्या गाळात बी टाकायचे आणि मार्च-एप्रिलात पीक कापायचे.

त्या लोकांनी वर्षाचे तीनच ऋतू धरले होते : पुराचा, पेरणीचा आणि कापणीचा. प्रत्येक चार महिन्यांचा. पूर येण्याच्या सुमारास पहाटे पूर्वेला व्याधाचा तारा दिसू लागे, त्यावर त्यांचे लक्ष असे. ३६५ दिवसांचे वर्ष त्यांनी फार प्राचीन काळी बसवले होते. आपण नदीला माय म्हणतो. त्यांच्याकडे पुराचा देव होता, हापी नावाचा, मोठ्या पोटाचा आणि भरल्या छातीचा पुरुष! देश बदलला की देवाचे रूप बदलते, पण नदीपुढे हात जोडणे काही बदलत नाही.

परंतु मला विशेष वाटले ते त्यांच्या मापाचे. नाईलच्या काठी त्यांनी पाणी मोजण्याच्या पायऱ्या व विहिरी बांधल्या होत्या. अस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावर तशा पायऱ्या आहेत. पुढे अरबांच्या राज्यात, इसवी सन ८६१ मध्ये, कैरो येथील रोडा बेटावर एक खोल चौकोनी विहीर बांधली गेली. तिच्या मधोमध दगडी खांब आहे आणि त्यावर हातांच्या खुणा कोरल्या आहेत. पाणी सोळा हात चढले की वर्ष चांगले. त्याहून फार कमी असेल तर दुष्काळ, फार जास्त झाले तर गावे वाहून जाणार. शेतसारा किती घ्यायचा तेही या खुणेवरून ठरे. पुराच्या दिवसांत पाणी आज किती बोटे चढले हे ओरडून सांगणारा माणूस कैरोच्या गल्लीबोळांतून रोज फिरत असे. हे वाचताना मला आपली गल्ली आठवली. पावसाळ्यात आपणही सकाळी चहाच्या आधी एकमेकींना विचारतो, “पुलाला किती झालं?” चाळीस म्हटले की इशारा आणि पंचेचाळीस म्हटले की धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

हेही सांगायला हवे की मोजमाप असले म्हणजे संकट टळते असे नाही. इसवी सन १२०० च्या सुमारास नाईलला पाणी फार कमी आले आणि मिसरात असा भयंकर दुष्काळ पडला की त्याची वर्णने वाचवत नाहीत. मापाने पाऊस पडत नाही. पण काय येणार आहे ते चार दिवस आधी कळते, आणि संसार करणाऱ्या बाईला चार दिवस पुष्कळ असतात.

आता दुसऱ्या देशाकडे वळू. हल्लीच्या इराकमध्ये तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्या आहेत. दोन्ही तुर्कस्तानच्या डोंगरांत उगम पावतात. त्यांचा स्वभाव नाईलसारखा सोशिक नाही. डोंगरातले बर्फ वितळून त्यांना एप्रिल-मेमध्ये पूर येई, म्हणजे नेमके पीक कापणीला आले असताना. म्हणून तिथल्या सुमेरी लोकांना बांध घालून पाणी अडवावे लागले आणि पाट काढून ते दूरवर न्यावे लागले. एकट्या-दुकट्याचे ते काम नव्हे. दहा गावांनी मिळून पाट काढायचा, दरवर्षी त्यातला गाळ उपसायचा, पाळीपाळीने पाणी घ्यायचे. यातूनच उरूक, उर, लगाश अशी मोठी शहरे उभी राहिली.

हिशेब ठेवायला लिहिणे हवे. उरूकमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० वर्षांच्या मातीच्या विटकुरी सापडल्या आहेत. जगातले अगदी पहिले लिखाण ते हे. त्यावर कविता नाहीत, पोथ्या नाहीत. कोणाला किती धान्य दिले, किती मेंढ्या आल्या, याच नोंदी आहेत. म्हणजे आपल्या दूधवाल्याच्या वहीसारखेच की! पुढे इसवी सनापूर्वी २१०० च्या सुमारास उरच्या राज्यात कापड विणणाऱ्या शेकडो बायका होत्या. त्यांना महिन्याला मिळणाऱ्या जवाच्याही नोंदी आहेत. बायकांना पुरुषांच्या साधारण निम्मे धान्य मिळे. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तशीच बसले. चार हजार वर्षांपूर्वीचीही तीच कथा.

पाण्यावरून भांडणेही तिथेच प्रथम लिहून ठेवलेली सापडतात. लगाश आणि उम्मा या दोन शेजारच्या शहरांमध्ये सीमेवरच्या सुपीक जमिनीवरून आणि तिथल्या पाटावरून इसवी सनापूर्वी २४०० च्या आगेमागे कित्येक पिढ्या तंटा चालला. लगाशच्या राजाने आपल्या विजयाचा कोरीव दगड उभारला. त्याचे तुकडे आज पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. पुढे इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमारास बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने कायदे कोरून ठेवले. त्यात असे आहे की, आपल्या शेताचा बांध राखण्यात ज्याने आळस केला आणि त्यामुळे पाणी फुटून शेजाऱ्यांचे पीक गेले, त्याने ते धान्य भरून द्यावे. देता येत नसेल तर त्याला आणि त्याच्या मालमत्तेला विकून पैसे वसूल करावेत. कायदा फार कडक खरा, पण त्यातले तत्त्व मला पटले. बांध माझा असला तरी तो फुटल्यावर पाणी शेजारणीच्या घरात जाते.

या सुमेर देशाला पुढे एक दुखणे लागले. तिथे ऊन कडक आणि जमीन सपाट. पाटाचे पाणी शेताला देत राहिले, पण ते वाहून जायला वाट ठेवली नाही. पाणी जमिनीत साचले, उन्हाने वर आले, त्याच्याबरोबर जमिनीतले क्षारही वर आले. शेते पांढरी पडू लागली. गव्हाला खारी जमीन सोसत नाही, जवाला थोडी सोसते. म्हणून गहू कमी होत गेला आणि जव वाढत गेला. पुढे पुढे तर दक्षिणेकडच्या भागात गहू जवळजवळ दिसेनासा झाला. हे पंडितांनी त्या विटकुरींवरच्या हिशेबांतून शोधून काढले. शत्रूने एका दिवसात शहर जिंकले तर त्याचा पोवाडा होतो. जमिनीला वर्षानुवर्षे मीठ फुटत राहिले तर त्याचा कोणी पोवाडा करीत नाही, परंतु माणसे तेवढीच देशोधडीला लागतात.

हे वाचून माझ्या पोटात धस्स झाले, कारण हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझे माहेर कृष्णाकाठचेच, सारे उसाचे गाव. वडील म्हणत, “पाणी आपलं, बागायत आपली, मग हात आखडता कशाला?” उसाला पाटाचे पाणी चोवीस तास चालू असे. मी लहान असताना ज्या शेतात गुडघाभर हरभरा पाहिला, तिथे आज पांढरा थर आहे आणि कडेला लव्हाळा माजला आहे. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडची हजारो एकर जमीन अशी क्षारपड झाली आहे. आता लोक जमिनीखाली निचऱ्याचे पाईप घालून ती सुधारू लागले आहेत. त्याला पैसा लागतो, आणि शेजारपाजारच्या शेतकऱ्यांची एकी तर पैशाहूनही अधिक लागते. कारण एकाच्या शेतातले पाणी दुसऱ्याच्या शेतातून गेल्याशिवाय ओढ्याला मिळत नाही. पुन्हा हम्मुराबीचाच न्याय.

पाणी आणण्याइतकेच ते काढून देणे महत्त्वाचे, हे ज्यांना उत्तम कळले होते ते आपल्या सिंधूकाठचे लोक. हडप्पाचे उत्खनन १९२१ मध्ये सुरू झाले, मोहेंजोदडोचे त्यापाठोपाठ. दोन्ही ठिकाणे आज पाकिस्तानात आहेत. ही शहरे इसवी सनापूर्वी २६०० ते १९०० या काळात भरभराटीला आली. त्यांत मोठी राजवाड्यासारखी इमारत नाही, राजाचा डौलदार पुतळा नाही. जे आहे ते पाहून मात्र कोणत्याही गृहिणीचा जीव सुखावेल. पुष्कळ घरांत न्हाणीघर आहे. न्हाणीची फरशी एका बाजूला उतरती. तिचे पाणी मोरीवाटे बाहेर जाऊन रस्त्याकडेच्या विटांच्या गटारात पडे. गटारावर झाकण असे आणि मधेमधे गाळ बसायला खड्डे असत, म्हणजे ते उपसून साफ करता येत. मोहेंजोदडोत सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे. बायकांना पाण्यासाठी फार लांब जावे लागत नसणार! सुमारे ३९ फूट लांब व २३ फूट रुंद असे एक स्नानकुंडही आहे. त्यातून पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला आहे. पुरापासून बचाव व्हावा म्हणून मोठ्या इमारती उंच चौथऱ्यांवर बांधल्या होत्या.

एवढे शहाणे लोक, पण त्यांचीही शहरे ओस पडली. इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास पाऊसमान कमी होत गेले, काही नद्या आटल्या, आणि लोक हळूहळू लहान खेड्यांकडे पांगले. त्यांच्या संस्कृतीचे अखेरचे धागे आपल्या महाराष्ट्रापर्यंत आले आहेत. प्रवरा नदीच्या काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. तिथल्या मातीत उत्तर हडप्पा काळाचा थर सापडला. १९७४ साली एका आदिवासी गावकऱ्याला तिथे तांब्या-काशाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा असे सुंदर जड पुतळे मिळाले.

त्यानंतरची आणखी एक गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची. घोड नदीच्या काठी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून शेतकरी राहत होते. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे कित्येक वर्षे खणून पाहिले. त्या लोकांनी नदीचे पाणी वळवायला पाट काढला होता आणि त्याला दगडमातीचा बांध घातला होता. घरे चौकोनी, ऐसपैस. पुढे पाऊस कमी झाला तशी पिके घटली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, लोक गुरांवर आणि शिकारीवर जगू लागले आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव सोडून गेले. घराचा आकार बदललेला पाहून एखाद्या कुटुंबाची ओढाताण कळावी, तसे ते उत्खनन आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पालांकडे पाहताना मला इनामगावची आठवण होते.

आता कोणी म्हणेल, हे जुन्या काळचे झाले; आता धरणे आहेत, यंत्रे आहेत. तर नाईलचेच पाहा. अस्वानचे मोठे धरण १९७० साली पुरे झाले. वीज मिळाली, बारमाही पाणी मिळाले, पुराचे भय गेले. पण पुराबरोबर येणारा गाळही धरणात अडला आणि शेताला विकतचे खत घालावे लागले. धरणाच्या पाण्याखाली नुबियन लोकांची गावे गेली. मिसर आणि सुदान मिळून सुमारे एक लाख माणसे उठली. अबू सिंबेलचे दगडी देऊळ कापून वर नेऊन बसवले. माणसांचा जुना काठ मात्र तसा उचलून नेता आला नाही. कोयनेच्या आपल्या धरणग्रस्तांना हे वेगळे सांगायला नको. आणि आता इथिओपियाने वरच्या अंगाला नवे प्रचंड धरण बांधून २०२५ च्या सप्टेंबरात सुरू केले आहे. त्यामुळे खालच्या मिसरला पाण्याची धास्ती पडली आहे. सिंधूच्या पाण्याचा भारत आणि पाकिस्तान यांच्यात १९६० साली करार झाला. तो दोन युद्धांतही टिकला, पण २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने तो स्थगित ठेवला. आपल्या कृष्णेच्या पाण्याचीही वाटणी लवादाला करावी लागली. १९६९ मध्ये नेमलेल्या बचावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट पाणी दिले. तरी वाद मिटलेले नाहीत. आलमट्टीची उंची वाढणार म्हटले की आपल्याकडे काळजी सुरू होते. लगाश आणि उम्मा गेले, भांडण राहिले.

या मोठ्या गोष्टी सरकारांच्या आणि पंडितांच्या. आपण गृहिणी त्यात काय करणार? परंतु इतके वाचल्यावर माझी खात्री झाली आहे की नदीकाठी जे टिकले ते तीन साध्या कामांनी टिकले : पाण्याची खूण जपणे, पाणी वाटून घेणे आणि पाण्याला निघायला वाट ठेवणे. यातली दोन तरी आपल्या हातची आहेत. म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, आपल्या भागातल्या प्रत्येक गल्लीत, पक्क्या भिंतीवर, २००५, २०१९ आणि २०२१ या पुरांच्या खुणा तेलरंगाने काढाव्यात आणि शेजारी पुलाजवळच्या फुटांचा आकडा घालावा. वयस्कर मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून हे काम करून घ्यावे. दुसरी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, बाळंतिणींची आणि आजाऱ्यांची यादी दरवर्षी मे महिन्यात करावी, म्हणजे पाणी चढू लागले की कोणाला आधी हलवायचे हे शोधत बसावे लागणार नाही. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला नाव उलटून जी माणसे गेली त्यांत बायका आणि लेकरे होती, हे आपण विसरू नये. तिसरी, आपल्या मागचा नाला. कृष्णामाईची ओटी आपण भक्तिभावाने भरतो आणि नारळाबरोबर प्लास्टिकची पिशवीही पाण्यात सोडतो. उरलेला कचरा नाल्यात जातो. मोहेंजोदडोच्या बायका आपल्याला हसतील! ओटी भरावी, पण पिशवी घरी आणावी.

शेवटी घरची गोष्ट. गेल्या दिवाळीच्या आधी घराला पुन्हा रंग दिला. रंगारी यायच्या आदल्या दिवशी मी सासूबाईंना हात धरून माजघरात नेले आणि म्हटले, “आई, पहिली रेघ कुठं होती ते दाखवा.” त्यांची नजर आता अधू झाली आहे, तरी त्यांनी भिंत चाचपून बरोबर जागा दाखवली. तिथे आता दोन रेघा आहेत, एक ‘५३’ ची आणि वर एक ‘५७’ ची. पाहुणे विचारतात, “हे काय हो भिंतीवर?” धाकटी त्यांना नाईलपासून सुरुवात करून सगळे सांगते, आणि चहा निवून जातो.